मॉन्युमेंट व्हॅली नीट बघायची असेल तर : बुकिंगपासून लाल मातीपर्यंत सगळं

अमेरिकेत राहणारी किंवा फिरायला येणारी आपली बरीच मंडळी ग्रँड कॅनियन, मग पेज गावाजवळचा अँटलोप कॅनियन आणि जाताजाता मॉन्युमेंट व्हॅली, म्हणजे लाल खडकांच्या सुळक्यांचं खोरं, असा कार्यक्रम आखतात. हायवेवर गाडी थांबवून रस्त्याच्या मधोमध उभं राहून एक फोटो काढायचा आणि पुढे निघायचं. मी पण पहिल्यांदा तेच केलं होतं. नंतर दोन वेळा जाऊन राहिलो, एकदा आई-बाबांना घेऊन, आणि तेव्हा कळलं की आपण पहिल्यांदा काहीच बघितलं नव्हतं. म्हणून आधीच सांगतो, इथे एक रात्र राहा आणि निदान एक टूर तिथल्या नावाहो, म्हणजे या भागातल्या मूळ रहिवासी लोकांपैकी, गाईडबरोबर करा. बाकीचं प्लॅनिंग या दोन गोष्टींभोवती बसवायचं, ते कसं ते खाली लिहितोय.

आधी हे कुणाचं आहे ते समजून घ्या

ही जागा युटा आणि अॅरिझोना या दोन राज्यांच्या सीमेवर आहे, पण ती नॅशनल पार्क नाही. जमीन नावाहो नेशनची, म्हणजे नावाहो लोकांचं स्वतःचं सरकार असलेल्या मुलखाची आहे आणि पार्कही त्यांनीच १९५८ मध्ये सुरू केलं, त्याला ट्रायबल पार्क म्हणतात. याचा सरळ परिणाम खिशावर होतो, कारण नॅशनल पार्कचा वार्षिक पास इथे चालत नाही. मी शेवटचा गेलो तेव्हा माणशी दिवसाला ८ डॉलर तिकीट होतं, निघायच्या आधी त्यांच्या वेबसाइटवर एकदा बघून घ्या.

नावाहो लोक स्वतःला दिने म्हणतात, म्हणजे माणसं. १८६४ मध्ये अमेरिकन लष्कराने त्यांना घरंदारं जाळून, पिकं नष्ट करून शेकडो मैल पायी चालवत न्यू मेक्सिकोतल्या एका छावणीत नेलं, वाटेत आणि छावणीत खूप माणसं मेली. १८६८ च्या तहानंतर ते परत आपल्या मुलखात आले. आजही या खोऱ्यात काही कुटुंबं राहतात, वीज नाही, नळाला पाणी नाही, पाणी टाकीतून भरून आणतात. हे एवढं डोक्यात ठेवून गेलं की तिथले नियम जाचक वाटत नाहीत. दारू इथे बंद आहे, ड्रोन बंद, खडकांवर चढायला बंदी, ठरलेला रस्ता सोडून गाडी घालायची नाही, आणि कुणाच्या घराचा किंवा माणसाचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. विचारलं आणि हो म्हणाले तर थोडे पैसे द्यायची पद्धत आहे, ते द्या.

कधी जायचं

एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर, माझं मत ऑक्टोबर. जून-जुलैमध्ये पारा ३५ च्या वर जातो आणि सावली अजिबात नाही. जुलै ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत त्यांचा पावसाळा असतो, तो आपल्यासारखा दिवसरात्र लागत नाही, दुपारी ढग येतात, एक जोरदार सर पडते, विजा होतात आणि मातीचा रस्ता तासाभरात चिखल होतो. वसंतात, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये वाऱ्याने वाळू उडते, कॅमेऱ्याची लेन्स बदलायची चूक करू नका. हिवाळ्यात पहाटे शून्याच्या खाली जातं आणि नशीब असेल तर लाल खडकांवर बर्फ दिसतो. समुद्रसपाटीपासून साडेपाच हजार फुटांच्या आसपास आहे, त्यामुळे उन्हाळ्यातही रात्री एक जॅकेट लागतंच.

आणखी एक, ज्यांना फोटोंचं वेड आहे त्यांच्यासाठी. मार्चच्या शेवटी आणि सप्टेंबरच्या मध्याला काही दिवस सूर्यास्ताच्या वेळी वेस्ट मिटनची सावली बरोबर ईस्ट मिटनवर पडते, मिटन म्हणजे हातमोज्यासारखे दिसणारे दोन प्रचंड खडक. तारखा जुळल्या तर सोडू नका.

घड्याळाचा घोळ, हे दोनदा वाचा

अॅरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करत नाही. नावाहो नेशन मात्र करतं, आणि त्यांच्या मुलखाचा मोठा भाग अॅरिझोनाच्या आत आहे. म्हणजे मार्च ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत फिनिक्समध्ये किंवा पेजमध्ये सकाळचे ८ वाजले असतील तेव्हा मॉन्युमेंट व्हॅलीत ९ वाजलेले असतात. हिवाळ्यात दोन्हीकडे सारखंच. त्यात अजून गंमत अशी की पेजजवळचा अँटलोप कॅनियन नावाहो जमिनीवर असूनही तिथल्या टूर पेजच्या वेळेने, म्हणजे अॅरिझोनाच्या वेळेने चालतात.

माझी पहिली बुक केलेली टूर अशीच गेली. जूनमध्ये पेजला राहिलो होतो, सकाळी ९ ची टूर, फोनमध्ये पावणेनऊ बघून आरामात गाडी लावली आणि काउंटरवरच्या बाईने शांतपणे सांगितलं की पावणेदहा झालेत, टूर गेली. सीमेवर फोन कुठल्या टॉवरला लागेल त्याप्रमाणे वेळ पुढेमागे दाखवतो म्हणून त्याच्यावर विसंबू नका. बुकिंग करताना विचारा, कुठली वेळ, आणि एक साधं मनगटी घड्याळ त्या वेळेला लावून ठेवा.

कसं पोचायचं

विमानतळाच्या दृष्टीने फिनिक्स किंवा लास व्हेगास. फिनिक्सवरून फ्लॅगस्टाफ, ट्यूबा सिटी, केयेंटा असं करत सव्वापाच-साडेपाच तास धरा. लास व्हेगासवरून साधारण साडेसहा-सात तास, एका दमात करू नका, पेजला मुक्काम टाका, पेजवरून पुढे दोन तास आहेत. ग्रँड कॅनियनच्या साउथ रिमवरून तीन-साडेतीन तास. उत्तरेकडून मोअबवरून येणार असाल तर साधारण तीन तास.

केयेंटा हे शेवटचं बऱ्यापैकी गाव, तिथून हायवे १६३ वर अर्धा तास. पेट्रोल केयेंटालाच फुल करा, पाणी तिथेच भरा, किराणा पण तिथे मिळतो. ऑफलाइन नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा कारण मधे लांबलांब रेंज नसते. रात्री गाडी चालवणं टाळा, रस्त्यावर मोकळे घोडे, गायी, मेंढ्या येतात आणि दिवे नाहीत. केयेंटात जेवायला थांबलात तर तिथल्या बर्गर किंगमध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या नावाहो कोड टॉकर्सचं छोटं प्रदर्शन आहे. नावाहो भाषेतून गुप्त संदेश देणारे हे सैनिक, आणि जपान्यांना तो संकेत कधी फोडता आला नाही. पंधरा मिनिटं द्याच, बाबा तिथून उठायलाच तयार नव्हते.

राहायचं कुठे

पार्कच्या आत एकच हॉटेल आहे, द व्ह्यू, २००८ च्या शेवटी सुरू झालेलं आणि नावाहो मालकीचं. खोल्यांच्या बाल्कन्या पूर्वेकडे, म्हणजे समोर थेट दोन मिटन आणि मेरिक ब्यूट हा तिसरा मोठा खडक. पांघरूण गुंडाळून बाल्कनीत बसून सूर्योदय बघता येतो, वयस्कर मंडळी बरोबर असतील तर मी दुसरीकडे बघणारच नाही. महाग आहे, आणि चांगल्या सीझनला पाच-सहा महिने आधी बुक करावं लागतं. त्यांच्या कॅबिन आणि तंबूच्या जागाही आहेत.

दुसरा पर्याय हायवेच्या पलीकडे काही मैलांवर गोल्डिंग्ज. हॅरी गोल्डिंग नावाच्या माणसाने बायकोबरोबर १९२० च्या दशकात इथे व्यापाराचं दुकान टाकलं, आणि मंदीच्या काळात इथल्या खडकांचे फोटो घेऊन थेट हॉलिवूड गाठलं, दिग्दर्शक जॉन फोर्डला पटवलं, आणि तिथून हा मुलूख वेस्टर्न सिनेमांमुळे जगभर पोचला. जुनं दुकान आता म्युझियम आहे. तिसरा आणि स्वस्त पर्याय केयेंटातली हॉटेलं, फक्त मग सूर्योदयासाठी पहाटे अंधारात निघायला लागतं.

टूर निवडताना

आता महत्त्वाचं. पार्कमध्ये १७ मैलांचा मातीचा रस्ता आहे, तो आपल्या गाडीने करता येतो. पण त्या रस्त्याच्या पलीकडचं सगळं, म्हणजे नेढी (खडकात आरपार पडलेली भोकं), कातळातली जुनी चित्रं, मागचं खोरं, हे फक्त नावाहो गाईडबरोबरच बघता येतं. दीड तासापासून पूर्ण दिवसापर्यंत टूर असतात. दीड तासाची बहुतेक मोकळ्या रस्त्यावरच फिरवून आणते, त्यामुळे अडीच-तीन तासांची घ्या आणि ती सूर्यास्ताची घ्या. बुक करताना हे विचारा : बॅककंट्री, म्हणजे त्या रस्त्यापलीकडचा भाग, आहे का, गाडी उघडी की बंद, आणि वेळ कुठली. उघड्या ट्रकवर बाकडी बसवलेली असतात, धूळ भरपूर आणि गचके त्याहून जास्त. आईच्या कमरेचा त्रास होता म्हणून आम्ही बंद गाडीची टूर घेतली, पैसे जास्त गेले पण ती तीन तास निवांत बसली. उघडी घेतली तर नाकातोंडाला ओढणी किंवा उपरणं, गॉगल, आणि डोळ्यांत लेन्स वापरत असाल तर त्या दिवशी चष्मा. टिप १५ ते २० टक्के धरून ठेवा.

आमची गाईड साठीच्या आसपासची बाई होती, याच खोऱ्यात मेंढ्या राखत मोठी झालेली. तिने आम्हाला बिग होगान नावाच्या प्रचंड गुहेसारख्या कातळाखाली नेलं, वर छताला गोल भोक, आणि म्हणाली खडकाला पाठ टेकून वर बघा. तसं उतरत्या खडकावर टेकून वर बघितलं की त्या भोकाभोवती गरुडाचं डोकं दिसतं. मग ती तिच्या भाषेत एक गाणं म्हणाली, हळू आवाजात, आणि तो आवाज खडकातून फिरून परत येत होता. आई नंतर गाडीत बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, गाभाऱ्यात बसल्यासारखं वाटलं. हे हायवेवरच्या फोटोत येत नाही हो.

सन्स आय आणि इअर ऑफ द विंड ही दोन मोठी नेढीही याच बाजूला आहेत. ज्यांनी आपल्याकडे रतनगडाचं किंवा राजगडाचं नेढं बघितलंय त्यांना लगेच कळेल मी काय म्हणतोय, फक्त इथे काळ्या बेसाल्टच्या जागी केशरी वालुकाश्म आणि खाली झाडीऐवजी वाळू. दुसऱ्यांदा जाणार असाल तर मिस्टरी व्हॅलीची टूर घ्या, तिथे पुएब्लो लोकांच्या पूर्वजांची दगडी घरं आणि खडकावर उमटवलेले हाताचे पंजे आहेत, सातशे-आठशे वर्षांहून जुने, आणि गर्दी नावाला नाही.

होगान म्हणजे त्यांचं पारंपरिक घर, लाकडी ओंडके आणि वरून माती, दार नेहमी पूर्वेला. टूरमध्ये आत नेलं तर गाईड सांगेल तसंच आत फिरा, त्याला त्यांच्यात अर्थ आहे.

स्वतःच्या गाडीने १७ मैल

टूर केली तरी हा रस्ता दुसऱ्या दिवशी सकाळी करायला हरकत नाही, पण आधी गाडी बघा. व्हिजिटर सेंटरवरून खाली उतरणारा पहिला उतार सगळ्यात वाईट आहे, खड्डे, उघडे दगड, आणि पुढे काही ठिकाणी मऊ वाळू. कोरड्या दिवसांत लोक साध्या सेडानने पण जातात, मी पण एकदा गेलो आणि गाडीचं पोट दोनदा घासलं, परत नेणार नाही. उंच गाडी असेल तर ठीक. भाड्याच्या गाडीचा करार वाचा, बहुतेकांमध्ये कच्च्या रस्त्याला परवानगी नसते आणि अडकलात तर ओढून काढायचा खर्च तुमचा. मोटारसायकल आणि आरव्हीला, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीला, बंदी आहे. पाऊस पडला असेल तर विचारच करू नका. वाळू आली की थांबायचं नाही, हळू पण एका वेगात काढायची, आणि ब्रेक दाबून मधेच फोटो तर नकोच.

दोन ते तीन तास लागतात. अकरा थांबे आहेत, सगळीकडे उतरायची गरज नाही. थ्री सिस्टर्स हे तीन सुळके, जॉन फोर्ड पॉइंट जिथे कड्याच्या टोकावर घोडेस्वार उभा राहतो आणि पैसे देऊन फोटो काढता येतो, टोटेम पोल हा सरळसोट बारीक खांब, आणि आर्टिस्ट्स पॉइंट व नॉर्थ विंडो. शेवटच्या दोन ठिकाणी जास्त वेळ द्या, तिथून अख्खं खोरं उलगडत जातं. रस्त्याच्या कडेला चांदी आणि फिरोज्याचे दागिने विकणारी टपरीवजा दुकानं दिसतील, घ्यायचंच असेल तर इथे घ्या, पैसे थेट करणाऱ्याच्या हातात जातात. रोख ठेवा. संध्याकाळी हा रस्ता लवकर बंद करतात, वेळ गेटवर विचारून घ्या.

बघताय ते नक्की काय आहे

थोडं दगडांबद्दल, कारण हे माहीत असलं की नजर बदलते. हे सुळके जमिनीतून वर आलेले नाहीत. पूर्वी सगळीकडे तेवढ्याच उंचीची जमीन होती, ती झिजून वाहून गेली आणि हे उरलं. उभे लाल कडे म्हणजे डी शे वालुकाश्म, साधारण २८ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या दाबल्या जाऊन झालेला दगड, नीट बघितलं तर वाऱ्याने रचलेले तिरके थर अजून दिसतात. त्याखाली पायथ्याला जो उतरता, पायऱ्यापायऱ्यांचा भाग दिसतो तो ऑर्गन रॉक शेल, मऊ. आणि काही माथ्यांवर शिनारम्प नावाच्या कठीण दगडाची टोपी. टोपी वरून वाचवते, खालचा मऊ थर झिजतो, मग वरच्या कड्याला आधार राहत नाही आणि तो उभ्या भेगांवर तुटून सरळ खाली येतो, म्हणून कडे इतके ताशीव. हिवाळ्यात भेगांमधलं पाणी गोठून फुगतं तेही हेच काम करतं. मोठ्या पठाराचा तुकडा म्हणजे मेसा, तो झिजून अरुंद झाला की ब्यूट, आणि शेवटी सुळका. जमिनीपासून उंची काही ठिकाणी हजार फुटांपर्यंत. लाल रंग लोखंडाच्या गंजाचा, आणि कड्यावरून ओघळल्यासारखे काळे-निळे पट्टे मँगनीजचे.

त्या शिनारम्प थरात युरेनियम सापडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर या भागात खाणी निघाल्या, नावाहो माणसांनी पुरेशी माहिती आणि संरक्षण न देता त्यात काम केलं आणि नंतर फुप्फुसाच्या कॅन्सरने खूप जण गेले. २००५ मध्ये नावाहो नेशनने आपल्या जमिनीवर युरेनियम खाणकामच बंद केलं. आमच्या गाईडचे वडील त्या खाणीत होते. तिने हे एकाच वाक्यात सांगितलं आणि पुढचा खडक दाखवायला लागली.

उजेडाचं गणित

मिटन हॉटेलच्या पूर्वेला आहेत. म्हणजे सूर्योदयाला सूर्य त्यांच्या मागून येतो आणि खडक काळे दिसतात, मागे रंगीत आकाश. सूर्यास्ताला उजेड तुमच्या पाठीकडून त्यांच्यावर पडतो आणि तेव्हा तो भडक लाल रंग येतो, तोही शेवटची वीस मिनिटं. दुपारी बारा ते तीन सगळं फिकट दिसतं, तेव्हा जेवा, झोपा. रात्री जमलं तर अमावास्येच्या आसपास जा, आकाशगंगा डोळ्यांनी दिसते.

हायवेवरचा तो प्रसिद्ध फोटो, ज्याला लोक फॉरेस्ट गंप पॉइंट म्हणतात, तो युटात हायवे १६३ वर तेराव्या मैलाच्या दगडाजवळ आहे. तिथून आपण नैर्ऋत्येकडे बघतो, म्हणून सकाळचा उजेड चांगला. पण तो चालू हायवे आहे, ट्रक भरधाव येतात. गाडी पूर्ण कडेला घ्या, एक माणूस फक्त गाड्यांवर लक्ष ठेवायला उभा करा, आणि लहान मुलांना मधे बसवून फोटो काढायचा प्रकार कृपा करून करू नका, मी डोळ्यांनी बघितलंय की किती थोडक्यात वाचतात.

चालायचं असेल तर

गाईडशिवाय एकच वाट आहे, वाइल्डकॅट ट्रेल, वेस्ट मिटनला वळसा घालून परत, साधारण ४ मैल. सावली शून्य, पायाखाली वाळू, आणि शेवटी परत वर चढायचं असतं. सकाळी लवकर निघा, माणशी किमान दोन लिटर पाणी फक्त या वाटेसाठी. ब्यूटच्या बुडाशी पोचल्यावर जे काही वाटतं त्यासाठी हे दोन-अडीच तास घालवावेत असं मला मनापासून वाटतं. हवा कोरडी असल्याने घाम दिसत नाही आणि पाणी कमी पडतंय हे उशिरा कळतं. उन्हाळ्यात दिवसाला माणशी ४ लिटर धरा.

खाण्याचं

शाकाहारी असाल तर पर्याय कमी आहेत. नावाहो टाको सगळीकडे मिळतो, तळलेली फुगीर भाकरी, त्याला फ्राय ब्रेड म्हणतात, चव भटुऱ्याच्या जवळची, वर घेवडा, चीज, सॅलड. मांस नको सांगता येतं, पण घेवडा कशात शिजवलाय आणि भाकरी कशात तळलीय हे विचारा, काही ठिकाणी डुकराची चरबी असते. हा पदार्थ त्या छावणीच्या काळात सरकारी शिध्यातल्या मैदा-चरबीतून आला, हे कळल्यावर मी तो वेगळ्या मनाने खाल्ला. बाकी आमच्याबरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा आणि इलेक्ट्रिक किटली असतेच, बाल्कनीत सकाळचा चहा त्यातूनच झाला.

परत निघताना

आल्या वाटेने परत न जाता उत्तरेला मेक्सिकन हॅटकडे निघा, तेरावा मैल वाटेतच लागतो. पुढे गूसनेक्सला सान हुआन नदी हजार फूट खाली नागमोडी वळणं घेते, गाडीपासून दहा पावलांवर दिसतं, आजी-आजोबांनाही सोपं. उंच गाडी आणि कोरडी हवा असेल तर व्हॅली ऑफ द गॉड्सचा मातीचा रस्ताही १७ मैलांचाच, तिकीट नाही आणि माणसं फार कमी.

आणि ती लाल माती. बाबांचा पांढरा सदरा अजून फिकट गुलाबी आहे. घरी आल्यावर कपडे आधी बाहेर झटका, मग गार पाण्यात वेगळे भिजवा, सगळ्यांचे एकत्र मशीनला लावू नका. बूटांसाठी गाडीत एक जुनी पिशवी ठेवा.